मेणबत्ती ओढून का विझत नाही?

मेणबत्ती हातभर लांबून फुंकली की विझते. आता तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून ती विझवून बघा. ज्योत हलणारसुद्धा नाही. फुंकलेली हवा झोतानं सरळ जाते, ओढलेली हवा मात्र चहूबाजूंनी गोळा होऊन येते. म्हणून नळीच्या तोंडापासून तिच्या व्यासाइतकं लांब गेलं, की ओढ जेमतेम दहाव्या हिश्शावर येते. दोन इंची नळी असेल, तर दोन इंचांवरच खेळ खलास.

घरी सँडर, म्हणजे लाकूड घासून गुळगुळीत करणारं यंत्र, बनवताना मी नेमकं हेच विसरलो. लोखंडकामाच्या उद्यमनगरातून अर्ध्या एचपीची, १४४० आरपीएमची जुनी मोटर आणली, तिच्यावर प्लायची १० इंची तबकडी बसवली, पॉलिश पेपर चिकटवला आणि शेजारी व्हॅक्यूम क्लीनरची नळी टांगली. आंब्याची फळी टेकवली अन् अर्ध्या तासात खोलीची पिठाची गिरणी झाली. पलीकडचे मिस्त्री डोकावले. "नाकाला रुमाल बांधला की झालं की ओ!"

रुमालानं भागत नाही. पायाशी पडतो तो जाड भुसा. झाडू मारला की गेला. फुफ्फुसात उतरतात ते १० मायक्रॉनहून बारीक कण. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा, यावरून अंदाज करा. कण दहापट बारीक झाला की त्याचा खाली पडण्याचा वेग शंभरपट कमी होतो. पाण्याइतक्या घनतेचा १० मायक्रॉनचा कण मीटरभर उतरायला पाच-सहा मिनिटं घेतो, १ मायक्रॉनचा आठेक तास, तेही हवा अगदी निश्चल असेल तर. म्हणजे रात्री घासलेल्या लाकडाची धूळ सकाळी तुम्ही चहाचा कप घेऊन दार उघडता तेव्हाही तरंगतच असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ साली लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात घातली. मुख्य धोका नाकाचा आणि सायनसचा.

मग मोटर तीच ठेवून धुळीची वाट बदलली. तबकडीची कड सेकंदाला १९ मीटर, म्हणजे ताशी जवळपास ७० किलोमीटर वेगानं पळते आणि भुसा त्याच दिशेनं भिरकावते. तेव्हा फळी नेहमी तबकडीच्या खाली उतरणाऱ्या बाजूला टेकवायची. टेबलाखालचा तबकडीचा अर्धा भाग प्लायच्या पेटीत बंद केला, टेबल आणि तबकडीत ३ मिलिमीटर फट ठेवली आणि नळी पेटीच्या तळाला जोडली. आता धूळ स्वतःच पेटीत उडी मारते. नळीनं फक्त ती पुढे न्यायची.

नळी थेट क्लीनरला जोडली तर पिशवी लगेच तुंबते. मध्ये रंगाची २० लिटरची बादली ठेवली आणि हवा तिच्यात कडेनं तिरकी सोडली. हवा गरगरते, जड भुसा भिंतीला आपटून तळाशी बसतो, हवा मधून वर निघून जाते. अगदी बारीक धूळ मात्र बादलीला दाद देत नाही. तिच्यासाठी चांगला फिल्टर हवाच, नाहीतर क्लीनरमधून बाहेर पडणारी हवा खिडकीबाहेर सोडायची.

एकदा नळीत ढलपी अडकली आणि बादली धाडकन चेपली. आत १५ किलोपास्कल दाब कमी झाला, की फूटभर रुंद झाकणावर बाहेरून शंभर किलोच्या वर भार येतो. रंगवाल्याच्या बादलीनं तरी किती सोसायचं? आता झाकणात झडप आहे, ओढ फार वाढली की ती उघडून बाहेरची हवा आत घेते.

आणि याच यंत्रावर लोखंड घासू नका. उद्यमनगरी हाताला तो मोह होतोच, पण एक ठिणगी आत गेली की भुशाची बादली शेगडी होते.

रात्री दिवे घालवून बॅटरीचा झोत आडवा मारला. फळीजवळ हवा स्वच्छ, पण तबकडीच्या वर चढणाऱ्या बाजूनं बारीक धूर निघत होता. पेटीतली धूळ तबकडीला चिकटून परत वर येत होती. तिथं सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून लावली, तबकडीला जेमतेम टेकेल अशी. पुन्हा झोत मारला. धूर बराच कमी होता.