एर्लितोऊचे वय दीडशे वर्षांनी का घटले?

चीनमधले एर्लितोऊ हे उत्खननात सापडलेले कांस्ययुगीन नगर श्या घराण्याची, म्हणजे ग्रंथांनुसार चीनच्या पहिल्या राजघराण्याची, राजधानी होती का, हा वाद दर काही वर्षांनी पुन्हा पेटतो आणि दोन्ही बाजू कार्बन-14च्या तारखांची साक्ष काढतात. पण त्या तारखाच एक नाहीत. विसाव्या शतकातल्या लेखनात या वसाहतीचा काळ इ.स.पू. 1900 ते 1500 असा दिसतो, तर 2007नंतरच्या चिनी लेखनात तो बहुधा 1750 ते 1520 असा येतो. सर्वांत जुन्या थराखाली आणखी काही सापडले म्हणून हे घडलेले नाही. नमुने वाढले, मोजमाप अधिक काटेकोर झाले आणि मुख्य म्हणजे हिशेबाची रीत बदलली. त्यात काय गृहीत धरले गेले हे कळल्याशिवाय 2016च्या महापुराचा दावा किंवा 2019च्या संग्रहालयाच्या नावावरून झालेली चर्चा नीट उमगत नाही.

कार्बन-14 म्हणजे कोळसा, हाडे अशा सजीवांच्या अवशेषांत मृत्यूनंतर ठरावीक वेगाने घटत जाणारा किरणोत्सारी कार्बन; तो किती उरला यावरून वय काढतात. आता जागेकडे येतो. हनान प्रांतात लुओयांगजवळ यानशी भागात हे गाव आहे. 1959 साली सत्तरी ओलांडलेले एक इतिहासकार प्राचीन ग्रंथांतले उल्लेख हाताशी धरून श्या घराण्याचे अवशेष शोधत फिरत होते, तेव्हा ही जागा नजरेत आली. श्याच्या शोधात निघालेल्या या माणसाने जे सापडले ते मात्र श्यानंतरच्या शांग घराण्याच्या पहिल्या राजाची राजधानी असावे असे म्हटले. पुढे खापरांवरून वसाहतीचे चार टप्पे ठरले. सुमारे 300 हेक्टरांचा पसारा, जवळजवळ एक हेक्टरभर धुमस करून बांधलेला राजवाड्याचा चौथरा, कांस्याची मद्यपात्रे, फिरोजाच्या दोन हजारांहून अधिक तुकड्यांचा ड्रॅगन असे सगळे मिळाले. खापरांवर खुणा आहेत, पण वाचता येईल असा मजकूर नाही. म्हणून तर सगळा भार तारखांवर येतो.

चीनमधली पहिली कार्बन-14 प्रयोगशाळा 1965 साली सुरू झाली. भौतिकशास्त्रातून पुरातत्त्वाकडे आलेल्या एका दांपत्याने ती उभी केली. पाठोपाठ सांस्कृतिक क्रांती आली आणि पुरातत्त्वाचे मुख्य नियतकालिक बंद पडले. ते 1972 साली पुन्हा निघाले तेव्हा पहिल्या तारखा छापून आल्या. त्या काळी एका मोजणीला कित्येक ग्रॅम कोळसा लागे आणि चुकीचा पट्टा, म्हणजे तारीख मागेपुढे सरकू शकेल ती मर्यादा, शंभर वर्षांच्या आसपास असे. चार टप्पे मिळून जेमतेम तीन-चारशे वर्षांची वसाहत, त्यात एकेका तारखेला दोन्ही बाजूंनी शतकाची ढील. अशा मापाने पहिला टप्पा दुसऱ्यापासून वेगळा काढणे शक्यच नव्हते.

चिनी अहवालांत आणखी एक गुंता होता. कार्बन-14चे अर्धायुष्य, म्हणजे त्याचे प्रमाण निम्मे व्हायला लागणारा काळ, सुरुवातीला 5568 वर्षे धरले होते. नंतर 5730 हा आकडा अधिक बरोबर ठरला, पण जुन्या-नव्या तारखांचा मेळ राहावा म्हणून आंतरराष्ट्रीय पद्धतीत 5568च कायम ठेवले गेले. चिनी प्रयोगशाळांनी मात्र बराच काळ 5730 वापरून तारखा छापल्या. जुन्या मापाने 3400 वर्षे भरणारा नमुना नव्या मापाने 3500 भरतो. अशी तारीख अहवालातून उचलून तशीच कॅलिब्रेशनच्या, म्हणजे मोजलेले वय वृक्षवलयांशी ताडून खऱ्या वर्षांत बदलण्याच्या, प्रोग्रॅममध्ये टाकली, तर एक शतक सुरुवातीलाच जादा चढते. चीनबाहेरच्या काही कोष्टकांत दोन्ही मापे शेजारी-शेजारी बसलेली आढळतात, म्हणून कुठल्याही जुन्या तारखेखालची बारीक टीप आधी वाचावी.

1983 साली त्याच प्रयोगशाळेने तोवरच्या तीसेक तारखा एकत्र घेऊन संख्याशास्त्रीय अंदाज मांडला. एर्लितोऊ इ.स.पू. 1900च्या आधीची नाही आणि 1500च्या नंतरची नाही, असा तो निष्कर्ष होता. या बाह्य मर्यादा होत्या. पाठ्यपुस्तकांत त्या आरंभ आणि अंत म्हणून रुळल्या. नेमके त्याच वर्षी एर्लितोऊच्या पूर्वेला सहाएक किलोमीटरवर शांगकालीन तटबंदीचे शहर सापडले आणि शांगच्या पहिल्या राजधानीचा मान बऱ्याच अभ्यासकांनी तिकडे दिला. एर्लितोऊचे चारही टप्पे श्याचे, हे 1977 साली डेंगफेंगला झालेल्या पुरातत्त्वज्ञांच्या बैठकीत मांडले गेलेले आणि तेव्हा फारसे न पटलेले मत यानंतर वजनदार झाले. 1900 हा आकडा त्या मताला सोयीचा होता.

मग 1996 साली श्या-शांग-झोऊ कालक्रमाचा राष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला. दोनशेच्या आसपास तज्ज्ञ त्यात होते आणि संक्षिप्त अहवाल 2000 साली आला. श्याचा आरंभ 2070, शांगचा 1600, शांगवर झोऊंचा विजय 1046 (सगळे इ.स.पू.). यातला 2070 हा आकडा जमिनीतून आलेला नाही. बांबूच्या पट्ट्यांवरच्या जुन्या वृत्तान्तात श्याची एकूण 471 वर्षे दिली आहेत, ती 1600च्या मागे मोजली आणि पूर्णांक केला. 1600 हाही पूर्णांकच आहे. कार्बन-14च्या प्रकल्पातून आलेला म्हणून 2070 सांगितला जातो ते चूक आहे, आणि ही चूक सर्रास होते.

प्रकल्पाने प्रयोगशाळांकडून जे करून घेतले ते मात्र मोलाचे होते. एकट्या तारखेऐवजी नमुन्यांची मालिका घ्यायची, थरांचा क्रम हिशेबात घालायचा आणि मग कॅलिब्रेशन करायचे. झेंगझोऊ या शांगकालीन शहरातल्या एका विहिरीच्या चौकटीचे लाकूड हे याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण. ओंडक्याची वलये मोजून ठरावीक अंतरावरचे तुकडे कापले आणि प्रत्येकाची तारीख काढली. दोन तुकड्यांत किती वर्षे गेली हे वलयांवरून पक्के ठाऊक होते. त्यामुळे तारखांची सगळी माळ वृक्षवलयांवरून आखलेल्या कॅलिब्रेशनच्या वक्रावर पुढे-मागे सरकवत जिथे चढ-उतार जुळले तिथे बसवता आली. शेवटचे वलय 1400च्या आसपास पडले आणि चुकीचा पट्टा काही वर्षांवर आला. एकट्या कोळशाने हे कधीच साधले नसते.

एर्लितोऊत असा ओंडका नव्हता. होती ती हाडे आणि कोळसा, एकावर एक असलेल्या थरांतली. इथे अंतर वर्षांत माहीत नसते, फक्त आधी कोण आणि नंतर कोण एवढे कळते. समजा पहिल्या टप्प्यातल्या हाडाची तारीख 1900 ते 1680 अशा लांबट पट्ट्यात येते. वर दुसऱ्या टप्प्याचे नमुने असल्याने पट्ट्याचे अलीकडचे टोक छाटले जाते. पलीकडचे टोक छाटायला खाली काहीतरी हवे. 2000च्या हिशेबात ते नव्हते, म्हणून एर्लितोऊचा आरंभ 1880च्या आसपास राहिला. पुढे त्याच मूळ प्रयोगशाळेने शिनझाई या पूर्वेकडच्या वसाहतीचे नमुने मोजले, त्यांना एर्लितोऊच्या खाली ठेवले, वर झेंगझोऊचे थर ठेवले आणि तिन्हींची एकच माळ केली. 2007 साली निकाल छापला. शिनझाईने 1850 ते 1750 ही जागा घेतली आणि एर्लितोऊचा पहिला टप्पा 1750च्या अलीकडे ढकलला गेला.

वादाचे मूळ इथे आहे. शिनझाईचा थर एर्लितोऊच्या थराखाली प्रत्यक्षात नाही. ती दोन वेगळी ठिकाणे आहेत. शिनझाईची उत्तरकालीन खापरे एर्लितोऊच्या पहिल्या टप्प्याच्या आधीची, हा पुरातत्त्वज्ञांचा शैलीवरून काढलेला निष्कर्ष आहे. दोन्ही काही काळ शेजारी-शेजारी नांदत असतील तर छाटणी जास्त झाली. अमेरिकेत राहणाऱ्या एका चिनी अभ्यासकाने 2000च्या अहवालावरच आक्षेप घेतला होता. प्रकल्पाने 68 टक्के खात्रीचे पट्टे छापले, 95 टक्क्यांचे छापले असते तर टप्पे एकमेकांत मिसळलेले दिसले असते, आणि मालिकेचा हिशेब पट्टे प्रमाणाबाहेर अरुंद करतो, असे त्यांचे म्हणणे. 68 टक्क्यांचा मुद्दा मला बिनतोड वाटतो. तीनातली एक तारीख पट्ट्याबाहेर असू शकते, हे वाचकाला सांगायलाच हवे होते. मालिकेच्या पद्धतीवरचा राग मात्र मला पटत नाही. थरांचा क्रम माहीत असून न वापरणे हे हातचा पुरावा टाकून देणे आहे. शिवाय आपणच 1983 साली दिलेला आकडा त्याच प्रयोगशाळेने कमी केला. राष्ट्रीय भावना जुन्या तारखेच्या बाजूने असताना हे करायला धैर्य लागते.

परिणाम मोठा झाला. आरंभ 1750 धरला, तर 2070 ते 1600 या चौकटीत एर्लितोऊला श्याचा फक्त उत्तरार्ध मिळतो. आधीच्या तीनशे वर्षांसाठी डेंगफेंगजवळचे वांगचेंगगांग आणि शिनझाई पुढे करावे लागतात. 2016 साली चिंगहाईतल्या लाज्या गावाजवळ पिवळ्या नदीवर इ.स.पू. 1920च्या सुमारास दरडीने झालेला बांध फुटून महापूर आल्याचे संशोधन गाजले. भूकंपात गाडल्या गेलेल्या मुलांच्या हाडांवरून ती तारीख काढली होती. श्याच्या उदयाआधी आल्याचे ग्रंथ सांगतात तो पूर हाच, त्यामुळे श्याचा आरंभ 1900च्या आसपास आणि एर्लितोऊचाही तेव्हाच, अशी सांगड त्यात घातली होती. हाडांच्या तारखेबद्दल तक्रार नाही. पण ज्या 1900शी ती जोडली, तो आकडा जागेवरच्या संशोधकांनी नऊ वर्षांपूर्वीच सोडला होता.

2019 साली जागेवर संग्रहालय उघडले, त्याच्या नावातच श्याची राजधानी आहे. 1999पासून वीस वर्षे उत्खननाचे नेतृत्व करणारे अभ्यासक मात्र त्या काळच्या लेखनाचा पुरावा मिळेपर्यंत हे सिद्ध झाले असे म्हणता येत नाही, या मतावर ठाम राहिले. कार्बन-14 कोळशाचे वय सांगतो, राजवंशाचे नाव सांगत नाही. प्रकल्पाचा सविस्तर अहवाल 2022 साली आला आणि 2070, 1600, 1046 हे आकडे आजही तक्त्यांत तसेच आहेत.

दरम्यान ज्या वक्रावर हे सगळे बसवले, तोच सुधारला गेला. 2018 साली ब्रिसलकोन पाइन आणि आयरिश ओकची इ.स.पू. 1700 ते 1500 मधली वलये जवळजवळ वर्षागणिक मोजली, तेव्हा जुना वक्र काही दशकांनी हललेला निघाला, आणि 2020च्या नव्या वक्रात हा फरक आला. भूमध्य समुद्रातल्या थेराच्या ज्वालामुखीची तारीख त्यामुळे पुन्हा वादात आली. एर्लितोऊचा तिसरा आणि चौथा टप्पा याच दोन शतकांत पडतो आणि श्या-शांगची सीमाही इथेच आखली आहे. 2007ची माळ जुन्या वक्रावर ओवलेली आहे. म्हणून 1520 हा अंत आणि 1600 ही सीमा यांवर काही मांडताना कोणत्या वक्राने हिशेब केला, हे आधी पाहावे लागते.