एकावर एक कंपोज फाइली: या गुंत्याची पार्श्वभूमी

डॉकर कंपोज म्हणजे एका ॲपचे अनेक कंटेनर (प्रोग्रॅम वेगवेगळे चालवणारे डबे) फाइलीत लिहून एकत्र चालवणारं साधन. त्याचा पूर्वज असलेल्या फिगचं काम एका यामल (सेटिंग्ज लिहायचा मजकूर-फॉरमॅट) फाइलीत भागायचं. एका फाइलीवर दुसरी चढवण्याची, म्हणजे थरांची, भानगड २०१५ मध्ये सुरू झाली. आधी 'एक्स्टेंड्स' (एका सर्व्हिसची, म्हणजे ॲपच्या एका भागाची, सेटिंग्ज दुसरीत उचलायची सोय) आलं आणि वर्ष संपता संपता, कंपोजच्या १.५ आवृत्तीत, एकापेक्षा जास्त फाइली देण्याची सोय आणि आपोआप उचलली जाणारी, मूळ सेटिंग्जवर बदल चढवणारी ओव्हरराइड फाइल. आज आपण जे वापरतो त्याचा पाया एवढाच.

खरा घोळ घातला तो २०१७ च्या आवृत्ती ३ ने. हा फाइल-फॉरमॅट स्वॉर्मला (अनेक मशीनवर कंटेनर चालवणाऱ्या डॉकरच्या सोयीला) डोळ्यांसमोर ठेवून बेतलेला होता, आणि त्यात 'एक्स्टेंड्स' सरळ काढून टाकलं. मेमरीची मर्यादाही स्वॉर्मसाठीच्या 'डिप्लॉय' या विभागाखाली गेली. एकाच मशीनवर कंपोज चालवणाऱ्यांना यातलं काहीच नको होतं. तरीही २ पेक्षा ३ नवी, म्हणून लोकांनी फाइलीतल्या 'व्हर्जन' ओळीतला आकडा बदलला आणि मग सामायिक सेटिंग्ज प्रत्येक सर्व्हिसखाली चिकटवत बसले. वास्तविक २.x वर राहायला कोणाचीच आडकाठी नव्हती. दोन वेगळ्या वाटांना चढत्या क्रमाचे आकडे देणं हीच मुळात चूक होती. पुढे ३.४ मध्ये 'एक्स-' ने सुरू होणारी, कंपोज दुर्लक्ष करतं अशी फील्ड्स आली, ती यामल अँकर्सच्या (एकदा लिहिलेला भाग पुन्हा वापरायच्या खुणांच्या) जोडीला बरी पडली. पण अँकर फाइलीची हद्द ओलांडत नाही, त्यामुळे थरांसाठी त्याचा उपयोग शून्य.

२०२० मध्ये कंपोज फाइलींचं खुलं स्पेसिफिकेशन (नियमावली) आलं आणि कंपोजच्या १.२७ आवृत्तीने २.x व ३.x हे फॉरमॅट एकत्र केले. 'एक्स्टेंड्स' परतलं. 'व्हर्जन' ही ओळ आधी ऐच्छिक झाली. आता ती लिहिली तर कालबाह्य असल्याची वॉर्निंग मिळते.

मर्जचे, म्हणजे फाइली एकत्र करण्याचे, नियम मात्र जुनेच राहिले. 'कमांड' (कंटेनरमध्ये चालवायची आज्ञा) बदलली जाते, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला दिलेली नाव-किंमत सेटिंग्ज) नावानुसार जुळतात, पण पोर्ट्सची भर पडते. मूळ फाइलीत ८०८०:८० (आधी मशीनचा पोर्ट, मग कंटेनरचा) आणि ओव्हरराइडमध्ये ८०८१:८० लिहिलं, तर दोन्ही पोर्ट उघडतात. मशीनवर ८०८० आधीच अडकलेला असेल, तर कंटेनर उठतच नाही. यावर आधीचं मूल्य काढून टाकणारा 'रीसेट' आणि ते पूर्ण बदलणारा 'ओव्हरराइड' हे टॅग यायला कित्येक वर्षं गेली.

२०२३ च्या 'इन्क्लूड'ने (दुसरी कंपोज फाइल आत घेण्याच्या सोयीने) पाथचा, म्हणजे फाइलींच्या पत्त्यांचा, त्रास मिटवला. अनेक फाइली दिल्या की सगळे रिलेटिव्ह पाथ पहिल्या फाइलीपासून मोजले जात. इन्क्लूड केलेली फाइल स्वतःच्या फोल्डरपासून मोजते. त्यात एकाच नावाची सर्व्हिस दोनदा आली, तर गुपचूप मर्ज न होता एरर येते.