समलिंगीस्नेही शहर

समलिंगी स्त्री-पुरुष प्रवाशांना आपले नाते न लपवता जेथे उतरता, फिरता व वावरता येते, असे शहर. पर्यटन व्यवसायात यासाठी ‘गे-फ्रेंडली’ हे विशेषण रूढ आहे. संज्ञा सैल आहे : कोणी ती कायद्याला उद्देशून वापरतो, कोणी एखाद्या वस्तीला, तर कोणी निव्वळ जाहिरातीपुरती. येथे ती प्रवाशाच्या बाजूने घेतली आहे. रहिवाशांचे हक्क हा लगतचा, पण वेगळा विषय होय.

या कल्पनेच्या उगमाबद्दल एकमत नाही. काही अभ्यासक तो एकोणिसाव्या शतकातील भूमध्यसागरी प्रवासांत शोधतात. फ्रान्सने १७९१ च्या दंडसंहितेतून समलिंगी संबंधांचा गुन्हा वगळला होता, आणि इटलीत १८८९ च्या दंडसंहितेमुळे तो देशभरातून नाहीसा झाला. इंग्लंडमध्ये मात्र १८६१ पर्यंत कायद्यात यासाठी देहदंड होता व १८८५ च्या दुरुस्तीने गुन्ह्याची कक्षा रुंदावली. जर्मन साम्राज्यात पुरुषांमधील समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारे १८७१ च्या दंडसंहितेचे कलम १७५ होते. साहजिकच उत्तरेकडील सधन पुरुष इटलीतील काप्री बेटावर किंवा सिसिलीतील ताओर्मिना येथे जाऊन राहू लागले. याला स्वागत म्हणावे का, हा प्रश्नच आहे. पाहुण्याच्या पैशापुढे गावाने मौन पाळले, एवढेच फार तर म्हणता येईल. १९०२ मध्ये जर्मन उद्योगपती फ्रीड्रिख आल्फ्रेट क्रुप याच्या काप्रीतील वास्तव्यावरून वृत्तपत्रांत गदारोळ उठला आणि त्याच वर्षी त्याचा मृत्यू झाला. ते मौन किती तकलादू होते, हे त्यावरून कळते. दुसरे मत अमेरिकेतील प्रॉव्हिन्सटाउन आणि फायर आयलंडवरील चेरी ग्रोव्ह या समुद्रकाठच्या वसाहतींना अग्रमान देते. तेथील समलिंगी वावर साधारणतः दोन महायुद्धांच्या दरम्यान वाढल्याचे मानले जाते.

तिसरे मत छापील मार्गदर्शिकांपासून सुरुवात धरते, आणि तेच अधिक ग्राह्य वाटते. सॅन फ्रॅन्सिस्कोतील बारमालक बॉब डॅमरन याने १९६४ च्या सुमारास अमेरिकेतील बारची खिशात मावेल अशी पत्त्यांची वही काढली. १९७० मध्ये ‘स्पार्टाकस’ ही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका सुरू झाली. त्यापूर्वी ही माहिती तोंडोतोंडी फिरे; म्हणजे ज्याची कोणाशी ओळख नाही, त्याच्यापर्यंत ती पोहोचतच नसे. वहीमुळे अगदी एकट्या, नवख्या माणसालाही गावात पाऊल ठेवण्यापूर्वी अंदाज येऊ लागला. नोंदींपुढे सांकेतिक अक्षरे असत. त्यांपैकी ‘एवायओआर’ या चार अक्षरांचा अर्थ ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ : जागा सापडेल, पण तेथे मारहाण झाली किंवा पोलिसांचा छापा पडला, तर नंतर तक्रार नको. शहरांची प्रतवारी लावणारे आजचे निर्देशांक या चार अक्षरांचेच वंशज म्हणता येतील.

कायदा हा स्वागताचा पाया समजला जातो. नेदरलँड्सने १ एप्रिल २००१ रोजी समलिंगी विवाहाला जगात प्रथम मान्यता दिली. दक्षिण आफ्रिकेने २००६ मध्ये, तैवानने २०१९ मध्ये, तर थायलंडने २०२५ मध्ये हे विवाह सुरू केले. तथापि प्रवासी लग्नासाठी क्वचितच येतो. खोली मात्र त्याला रोज लागते. म्हणून सेवा नाकारण्यास मनाई करणारा कायदा त्याच्या दृष्टीने अधिक मोलाचा. २००८ मध्ये इंग्लंडमधील कॉर्नवॉल येथे एका अतिथिगृहाने नागरी भागीदारी (विवाहासारखे, पण विवाह न म्हटलेले कायदेशीर नाते) नोंदवलेल्या दोन पुरुषांना आधी ठरवलेली डबल बेडची खोली ऐनवेळी नाकारली. अशी खोली केवळ विवाहित जोडप्यांनाच द्यायची, हा मालकांचा नियम धर्मश्रद्धेतून आलेला होता. न्यायालयाने दोघांना प्रत्येकी १,८०० पौंड भरपाई देवविली आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालकांचे अपील फेटाळले. असा उघड नकार विरळा. नेहमीचा अनुभव त्याहून सौम्य असतो : नोंदणी पाहून कर्मचारी क्षणभर थांबतो आणि ‘दोन वेगळे पलंग लावून देऊ का?’ असे विचारतो. प्रश्न अदबीचाच असतो, पण चारचौघांत उत्तर द्यावे लागते. हॉटेलांचे प्रशिक्षण बहुतांशी या एका क्षणाभोवती फिरते.

सीमेवरील नियमही विचारात घ्यावे लागतात. एचआयव्ही बाधितांना अमेरिकेत १९८७ पासून असलेली प्रवेशबंदी २०१० मध्ये उठली. तोवर समलिंगी पर्यटकांना बोलावणारी शहरे आणि त्यांच्यातील काहींना विमानतळावरून परत धाडणारे सरकार, असा विरोधाभास तेथे होता.

दृश्य खुणांपैकी ॲम्स्टरडॅममधील ‘होमोमोन्युमेंट’ (१९८७) विशेष उल्लेखनीय. गुलाबी ग्रॅनाइटचे तीन त्रिकोण मिळून एक मोठा त्रिकोण होतो; एक जमिनीलगत, एक उंचावलेला, तर एक पायऱ्यांनी कालव्याच्या पाण्यात उतरणारा. नाझी छळछावण्यांत समलिंगी पुरुषांच्या कपड्यांवर गुलाबी त्रिकोण शिवलेला असे. लोक त्या पायऱ्यांवर फुले ठेवतात आणि तेथेच बसून गप्पाही मारतात. व्हिएन्नात २०१५ मध्ये पादचारी सिग्नलांवर हात धरलेल्या समलिंगी जोड्यांची चित्रे आली. अशा खुणा स्वस्त पडतात, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. त्यापेक्षा, हल्ला झाल्यास ज्यांच्याशी बोलता येते असे ॲम्स्टरडॅम पोलिसांतील ‘रोझे इन ब्लाउ’ पथक प्रवाशाच्या जास्त कामाचे.

‘स्पार्टाकस’चा निर्देशांक २०१२ पासून निघतो. भेदभावविरोधी कायदा, विवाह, दत्तकाधिकार, मिरवणुकांवरील बंदी, देहदंड इत्यादी निकषांवर तो गुण देतो. पण गुण देशाला मिळतात, शहराला नव्हे. राजधानी आणि तिच्यापासून तासाभरावरचे खेडे त्यात एकाच रकान्यात येतात. इस्रायलमधील तेल अवीवच्या जाहिरातींवर ‘पिंकवॉशिंग’चा, म्हणजे समलिंगीस्नेही प्रतिमेआड इतर धोरणे झाकण्याचा, आरोप होतो. टीकाकारांचा रोख राज्यसंस्थेवर आहे. समुद्रकिनाऱ्यावर आलेल्या जोडप्याचा अनुभव त्याने खोटा ठरत नाही.

हे सारे वाङ्मय प्रामुख्याने पुरुषांविषयीचे आहे. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय गे पर्यटन संघटनेच्या नावात ‘लेस्बियन’ हा शब्दसुद्धा नंतर जोडला गेला. लेस्बियन प्रवाशांची ठिकाणे बारभोवती कमीच वाढली. प्राचीन ग्रीक कवयित्री सॅफोच्या लेस्बॉस बेटावरील स्काला एरेसू हे त्यांचे सर्वांत परिचित गाव. अमेरिकेतील ‘ऑलिव्हिया’ ही १९७३ मध्ये ध्वनिमुद्रण संस्था म्हणून निघालेली कंपनी १९९० पासून स्त्रियांसाठी जहाजसफरी काढते.