एका आईने मागितलेली यादी: अमेरिकेतल्या सेक्स ऑफेंडर रजिस्ट्रीची पार्श्वभूमी

22 ऑक्टोबर 1989, मिनेसोटातलं सेंट जोसेफ नावाचं छोटं गाव. 11 वर्षांचा जेकब वेटरलिंग, त्याचा धाकटा भाऊ आणि एक मित्र दुकानातून व्हिडिओ कॅसेट घेऊन अंधारात घरी परत येत होते, वाटेत तोंड झाकलेला एक माणूस बंदूक घेऊन आडवा आला, बाकी दोघांना त्याने पळायला सांगितलं आणि जेकबला घेऊन गेला. या भागात लैंगिक गुन्हे केलेले कोण कोण राहतात याची यादी पोलिसांकडे हवी, म्हणजे तपास कुठून सुरू करायचा ते तरी कळेल, एवढीच त्याच्या आईची, पॅटी वेटरलिंगची मागणी होती. त्यासाठी ती वर्षानुवर्षं झगडली आणि 1994 मध्ये जेकबच्या नावाने केंद्राचा कायदा झाला, सगळ्या राज्यांना अशा गुन्हेगारांची नोंद, म्हणजेच रजिस्ट्री, ठेवणं भाग पडलं.

तसं बघायला गेलं तर कॅलिफोर्नियात रजिस्ट्री 1947 पासून होती, पण तिथे संमतीने संबंध ठेवणारे समलैंगिक पुरुषही त्यात अडकले, आणि ती नावं काढायचा मार्ग उघडायला 1997 उजाडलं. यादीत कुणाला घालायचं हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

पण खरं वळण आलं ते 1994 च्या जुलैमध्ये. न्यू जर्सीत 7 वर्षांच्या मेगन कांकावर समोरच राहणाऱ्या माणसाने अत्याचार करून तिला मारलं, आणि त्याला आधीही मुलांवरच्या गुन्ह्यांत शिक्षा झालेली होती. आम्हाला माहीत असतं तर आम्ही मेगनला जपलं असतं, हे तिच्या आईवडिलांचं म्हणणं, आणि त्यात चूक काढायची कुणाची हिंमत होणार? 1996 मध्ये 'मेगन्स लॉ' देशभर लागू झाला आणि पोलिसांच्या कपाटातली यादी लोकांसाठी खुली झाली, पुढे इंटरनेटवर फोटो, पत्ता, सगळंच आलं.

2006 च्या अ‍ॅडम वॉल्श या केंद्राच्या कायद्याने यादीत किती काळ राहायचं याचे तीन स्तर केले: 15 वर्षं, 25 वर्षं आणि जन्मभर. सगळ्यात वरच्या स्तरातल्याला दर तीन महिन्यांनी जाऊन हजेरी लावायची, घर, नोकरी बदलली की तीन दिवसांत कळवायचं, नाही कळवलं तर तोच नवा गुन्हा. काही गुन्ह्यांत गुन्हा करणारी 14 वर्षांची मुलंही या यादीत आली, हे मला तरी अजिबात पटत नाही.

वर राज्यांचे आणि शहरांचे नियम वेगळेच. मायामीत शाळेपासून 2,500 फुटांच्या आत राहायचं नाही असं ठरलं, मग शहरात राहायला जागाच उरेना आणि शिक्षा भोगून सुटलेली माणसं ज्युलिया टटल पुलाखाली तंबू ठोकून राहायला लागली, काहींच्या लायसन्सवर पत्ता म्हणून चक्क त्या पुलाचं नाव होतं. ज्याला घर नाही, नोकरी नाही, त्याच्यावर नजर तरी कशी ठेवणार?

2003 मध्ये अलास्काच्या केसमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 6 विरुद्ध 3 मतांनी सांगितलं की रजिस्ट्री ही शिक्षा नाहीच, म्हणून कायद्याच्या आधी गुन्हा केलेल्यांनाही ती लावता येते. हे लोक पुन्हा गुन्हा करण्याचा धोका भयंकर मोठा आहे असं त्या निकालात आलं, त्याच्या आदल्या वर्षीच्या एका निकालात तर उपचार न घेतलेल्यांसाठी 80 टक्क्यांचा आकडा होता. तो आकडा मागे शोधत गेलं की 1986 च्या एका मासिकातल्या लेखापाशी जाऊन थांबतो, आणि त्या लेखात त्याच्यामागे कुठलाही अभ्यास दिलेला नाही!

जेकबचे अवशेष 2016 मध्ये सापडले, मारणाऱ्यानेच जागा दाखवली. त्याची चौकशी पोलिसांनी सुरुवातीलाच केली होती, पुरावा जमला नव्हता. आणि जिने हा सगळा लढा सुरू केला ती पॅटीच नंतर उघडपणे म्हणायला लागली की कायदे फार पुढे गेलेत, गुन्हा केलेल्या लहान मुलांना आणि बाकी सगळ्यांनाच एका मापाने मोजणं बरोबर नाही.

आपल्याकडे 2018 मध्ये नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरोने अशी यादी सुरू केली. ती फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांनाच बघता येते, म्हणजे पॅटीने सुरुवातीला मागितली होती साधारण तशीच.