रेणवीय तपासणी (डासजन्य विषाणुज्वर)

रुग्णाच्या रक्तातील किंवा डासाच्या शरीरातील विषाणूचे जनुकीय द्रव्य थेट शोधून ताप कशाचा आहे हे ठरवण्याची पद्धत. डेंग्यू, चिकुनगुन्या आणि जपानी मेंदूज्वर यांचे विषाणू आरएनए प्रकारचे असतात. म्हणून आधी आरएनएवरून डीएनए तयार करतात व पीसीआर यंत्रात त्याच्या प्रती वाढवतात. प्रती वाढवण्याच्या जितक्या कमी फेऱ्यांत खूण उमटेल, तितका नमुन्यात विषाणू जास्त.

भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात बांध्यांत पाणी भरले की मेंदूज्वराचे क्युलेक्स डास वाढतात. डेंग्यूचा एडिस मात्र घरचाच. पाऊस लागल्यावर ओसरीत तसाच पडून राहिलेला कूलर उघडला, की तळाच्या गढूळ पाण्यात अळ्या वळवळताना दिसतात आणि पाण्याच्या रेषेलगत काळी अंडी चिकटलेली असतात. टाकी नुसती ओतून भागत नाही, घासावी लागते.

डेंग्यू व मेंदूज्वराचे विषाणू एकाच कुळातले असल्यामुळे प्रतिपिंडांच्या (विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेल्या प्रथिनांच्या) एलायझा चाचणीत कधी कधी दोघांची गफलत होते. पीसीआरमध्ये ती टळते. अट एवढीच, की नमुना तापाच्या पहिल्या पाचेक दिवसांत घ्यायला हवा. गावाकडे त्यातले दोन-तीन दिवस गोळ्यांवर निघून जातात, मग बर्फाच्या डब्यातला जिल्ह्यापर्यंतचा प्रवास. मेंदूज्वरात झटके येईपर्यंत रक्तातला विषाणू बहुधा ओसरलेला असतो. तिथे पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्याची आयजीएम (ताज्या लागणीत बनणारे प्रतिपिंड) चाचणीच कामाची.

डेंग्यूच्या चार उपप्रकारांपैकी कोणता, हे कळल्याने खाटेवरच्या रुग्णाचे सलाइन बदलत नाही. ते रक्तदाब आणि हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण) पाहूनच ठरते. फायदा गावाचा होतो. पूर्वी एक उपप्रकार होऊन गेलेल्यांना दुसऱ्याची लागण झाली तर आजार गंभीर होण्याचा धोका वाढतो, त्यामुळे नवा उपप्रकार दिसताच सावध होता येते. 1973 मध्ये बार्शीला आलेला चिकुनगुन्या आशियाई वंशाचा होता आणि 2005-06 च्या साथीतला आफ्रिकी वंशाचा, हेही जनुकक्रमावरूनच कळले.

1965 साली नागपूर भागात सापडलेला चांदीपुरा विषाणू मुख्यतः वालुमाशीमुळे पसरतो, म्हणून तो खरे तर या नोंदीबाहेरचा. पण पावसाळ्यात ताप आणि झटके घेऊन आलेल्या मुलाच्या नमुन्यात त्याचाही शोध घ्यावा लागतो.

सगळ्या विषाणूंचा अहवाल निगेटिव्ह आला तरी तो वाया जात नाही. त्याच दिवसांत गवतातल्या चिगर अळीच्या चाव्याने स्क्रब टायफस हा जीवाणूंचा ताप होतो. 2018 मध्ये नागपूर परिसरात त्याची साथ होती. त्यावर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक चालते, आणि अंगावर काळी खपली दिसली तर कोणत्याही अहवालाची वाट न पाहता ते सुरू करतात.