चिक्कीचा पाक आणि विंटर टायर

ताशी ५० किलोमीटरने चाललेल्या दोन अगदी सारख्या गाड्या घ्या. रस्त्यावर चाकांखाली दाबून घट्ट झालेलं हिम आहे. पुढे कुणीतरी रस्ता ओलांडतंय आणि दोन्ही चालकांनी एकाच क्षणी ब्रेक दाबला. एका गाडीच्या टायरचा घर्षणांक, म्हणजे टायर रस्त्याला किती धरतो त्याचं माप, ०.३ धरा, दुसरीचा ०.२. दाबलेल्या हिमावर विंटर टायर आणि साधा टायर यांच्यात एवढा फरक पडू शकतो. पहिली गाडी साधारण ३३ मीटरवर थांबते, दुसरीला ४९ मीटर लागतात. सोळा मीटर म्हणजे तीन-चार गाड्यांची लांबी, फार काही वाटत नाही. पण गणित आणखी एक पायरी पुढे न्या. पहिली गाडी जिथे उभी राहिली, त्या जागेवरून दुसरी गाडी अजून ताशी २९ किलोमीटरने पुढे जात असते. मेख इथे आहे. ब्रेक लागल्यावर वेग सुरुवातीला हळूहळू उतरतो आणि बराचसा शेवटच्या काही मीटरांत जातो. ते शेवटचे मीटर मिळाले नाहीत, तर अर्ध्याहून जास्त वेग उरतोच.

कॅनडात टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन भागातल्या मराठी घरांत ऑक्टोबर लागला की प्रश्न निघतोच: गाडीला ऑल-सीझन टायर आहेत, मग वेगळे विंटर टायर कशाला? ही शहरं ज्या प्रांतात येतात त्या ऑन्टारिओत विंटर टायरची सक्ती नाही. विंटर टायर लावणाऱ्याला विम्यात सवलत द्यावी लागते, एवढाच नियम १ जानेवारी २०१६ पासून आहे. शेजारच्या क्यूबेक प्रांतात मात्र तिथे नोंदलेल्या गाड्यांना १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर बंधनकारक, नाहीतर २०० ते ३०० डॉलर दंड. ओटावा शहर ऑन्टारिओत, गॅटिनो क्यूबेकमध्ये, मध्ये एक नदी. हिम दोन्ही काठांवर सारखंच पडतं. तेव्हा ‘कायद्याने लागतात का’ हा एक प्रश्न झाला आणि ‘गाडी थांबायला लागतात का’ हा दुसरा.

दुसऱ्याचं उत्तर नक्षीत शोधायच्या आधी रबरात शोधायला हवं. चिक्कीचा पाक गरम असताना वाकतो, ताणला जातो. थंड झाला की कटकन मोडतो. गूळ तोच, फक्त रेणूंची हालचाल थिजलेली असते. याला काच-संक्रमण म्हणतात आणि ते रबरालाही चुकत नाही. नैसर्गिक रबर उणे ७० अंश सेल्सिअसच्या आसपास काचेसारखं होतं. इतकी थंडी टोरांटोत पडत नाही, मग अडचण कुठे? अडचण दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे टायर नुसत्या नैसर्गिक रबराचा नसतो. उन्हाळी टायरच्या मिश्रणात स्टायरिन-ब्यूटाडाइन हे कृत्रिम रबर बरंच असतं आणि त्यात स्टायरिन जितकं जास्त, तितकं ते कमी थंडीतच कडक होतं. दुसरं कारण जास्त मजेशीर आहे. रस्त्यावरच्या खडीचे कंगोरे धावत्या टायरला सेकंदाला हजारो वेळा टोचतात. रेणूंना सावरायला वेळच मिळत नाही, त्यामुळे रबर प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा कितीतरी थंड असल्यासारखं वागतं. मऊ रबर खडीच्या फटीफटीत शिरून तिला धरतं. कडक रबर वरच्या वर टेकून राहतं आणि घसरतं.

विंटर टायरमध्ये म्हणून नैसर्गिक रबर आणि पॉलिब्यूटाडाइन यांचं प्रमाण जास्त ठेवतात. पॉलिब्यूटाडाइन तर उणे ९० अंशांच्याही खाली गेल्यावर काचेसारखं होतं. जोडीला काजळीऐवजी बरीचशी सिलिका असते, ती थंडीत आणि ओल्या रस्त्यावर पकड राखते. दोडामार्गाकडे रबराच्या झाडाला चीर पाडून वाटीत धरतात तो पांढरा चीक हिमातल्या ब्रेकसाठी इतका मोलाचा असेल, असं त्या बागेत उभं राहून डोक्यात येत नाही.

तापमान सात अंशांखाली उतरलं की टायर बदला, हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. सात ही व्यवहारातली खूण आहे, तिथे रबर एकदम पालटत नाही. कोरड्या डांबरावर पाच अंशांनाही चांगला उन्हाळी टायर छान थांबतो. पण संध्याकाळी पाच अंश असलेल्या भागात रात्री रस्ता गोठू शकतो आणि पहिल्या हिमाच्या दिवशी टायरवाल्याकडे जागा मिळत नाही, म्हणून ही खूण उपयोगाची.

मराठीत आपण आकाशातून पडतं तेही बर्फ म्हणतो आणि फ्रीजमध्ये जमतं तेही बर्फ. टायरच्या दृष्टीने ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. भुरभुरीत हिमावर टायर हिमालाच हिमावर घासतो. टायरच्या नक्षीतल्या रुंद चरांमध्ये हिम ठासून बसतं आणि ते खालच्या हिमाला चिकटतं, हाताने गोळा वळताना होतं तसंच. विंटर टायरच्या चरांत हिम भरलेलं दिसलं तर ते बोटाने कोरून काढायची गरज नाही, तेच काम करत असतं. कडक बर्फावर हे चालत नाही. तिथे पृष्ठभागावर पाण्याचा अगदी पातळ थर असतो आणि टायर त्यावर तरंगतो. त्यासाठी नक्षीतल्या रबराच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने कापल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा असतात, त्यांना सायप म्हणतात. ठोकळा रस्त्याला टेकताना त्या किंचित उघडतात, पाणी आत ओढून घेतात आणि त्यांच्या कडा बर्फाला खरवडतात. रबर कडक असेल तर त्या उघडतच नाहीत, त्यामुळे नुसत्या चिरा पाडून टायर हिवाळी होत नाही.

उणे वीसपेक्षा शून्याच्या आसपासचा बर्फ जास्त निसरडा असतो, हे नव्याने आलेल्यांना पटत नाही. कडाक्याच्या थंडीत पाण्याचा थर जवळपास नसतोच, घर्षण वाढतं. शून्याला तो थर जाड होतो. दुपारी वितळून संध्याकाळी पुन्हा गोठलेला पारदर्शक थर डांबरावर दिसतही नाही. पूल आधी गोठतात, कारण त्यांना खालूनही वारा लागतो. अशा बर्फावर घर्षणांक ०.१ धरला तर ताशी ५० वरून थांबायला जवळपास ९८ मीटर लागतात. इथे विंटर टायरही चमत्कार करत नाही, वेगच कमी हवा.

या बर्फासाठी फिनलंड, स्वीडनकडे टायरला टंगस्टन कार्बाइडचे खिळे लावतात. गाड्यांचे खास हिवाळी टायरही फिनलंडमधलेच. नोकिया गावच्या कारखान्याने १९३४ मध्ये ट्रकसाठी हिवाळी टायर काढला, १९३६ मध्ये मोटारींसाठी ‘हाक्कापेलीट्टा’. खिळे डांबर कुरतडतात आणि वसंतात त्याची धूळ शहरात उडते. स्टॉकहोमने २०१० पासून हॉर्न्सगातान या रस्त्यावर खिळ्यांच्या टायरना बंदी घातली, ती यामुळेच. जर्मनीत ते चालत नाहीत, ऑन्टारिओत मुख्यतः उत्तर भागातल्या रहिवाशांनाच चालतात.

आता टायरच्या बाजूवर काय लिहिलंय ते पाहू, कारण फसगत इथेच होते. ‘एम+एस’ म्हणजे चिखल आणि हिम. ही अक्षरं छापायला हिमावर कुठलीही चाचणी द्यावी लागत नाही, नक्षीचा आकार तसा असला की पुरतं. आपल्याकडच्या अनेक एसयूव्हींच्या टायरवरही ती सापडतील. पाहायचं असतं ते तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेलं चित्र. ते मिळायला टायरला दाबलेल्या हिमावर ठरावीक संदर्भ टायरपेक्षा सरस ठरावं लागतं. क्यूबेकमध्ये २०१४ च्या डिसेंबरपासून हे चित्र लागतं, जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसतं एम+एस चालत नाही. चाचणी हिमावरची असते, कडक बर्फावरची नाही, हेही ध्यानात असू द्या. उत्तर अमेरिकेत ‘ऑल-सीझन’ टायरवर बहुधा फक्त एम+एस असतं आणि ‘ऑल-वेदर’वर डोंगराचं चित्र. युरोपात मात्र ऑल-सीझन म्हणून विकतात त्यावरही हे चित्र असतं. नावावर जाऊ नका, चित्र बघा.

‘माझी गाडी फोर-व्हील ड्राइव्ह आहे’ हा सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज. चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळाला की गाडी निघते झोकात. पण ब्रेक तर साध्या गाडीलाही चारही चाकांना असतातच. थांबताना आणि वळताना फोर-व्हील ड्राइव्हचा फारसा उपयोग नाही, उलट सहज निघाल्यामुळे रस्ता किती निसरडा आहे याचा अंदाजच येत नाही. गाडी निघते कशी यावरून टायर जोखू नये.

पैसे वाचवायला दोनच विंटर टायर पुढे लावणं हा त्याचाच धाकटा भाऊ. पुढची चाकं धरून ठेवतात, मागची सुटतात आणि वळणावर ब्रेक लावला की गाडीचं शेपूट पुढे येतं. टायर चारही लावायचे. मापाबाबत मात्र थोडी सूट घेता येते. गाडीला २२५/४५ आर १७ (रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत) असतील आणि हँडबुकात परवानगी असेल, तर हिवाळ्यासाठी २०५/५५ आर १६ घ्यावेत. चाकाचा बाहेरचा व्यास दोन-तीन मिलिमीटरच्या फरकाने तोच राहतो, त्यामुळे स्पीडोमीटर चुकत नाही. टायर अरुंद असल्याने चिखलासारख्या ओल्या हिमातून खाली डांबरापर्यंत पोचतो, बाजूची भिंत उंच असल्याने खड्ड्यात रिम वाचते, आणि टायर स्वस्तही पडतो. वेगळ्या लोखंडी रिम घेऊन त्यांवरच हे टायर कायमचे बसवले, तर दर हंगामात टायर रिमवरून उतरवायचा खर्च आणि कडांची झीज दोन्ही टळतात.

चाक बदलताना हबवरचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावरचा, गंज तारेच्या ब्रशने साफ करा. मिठाच्या रस्त्यांवर रिम हबला चिकटून बसते, आणि गंजाची खपली मध्ये राहिली तर नट पुढे सैल होतात. टायरच्या बाजूवर दिशेचा बाण असेल तर गाडी पुढे जाताना चाक त्याच दिशेने फिरलं पाहिजे. नट आधी हाताने लावा, मग गोल क्रमाने न आवळता समोरासमोरचे आवळा, आणि शेवटी टॉर्क पान्याने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने. छोट्या गाड्यांना साधारण १०० ते १२० न्यूटन-मीटर लागतात, नेमका आकडा हँडबुकात असतो. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावायचा. ही पायरी गॅरेजवालेही बिनदिक्कत गाळतात.

हवेचं गणित वेगळंच. २० अंशांना ३२ पीएसआय भरलेला टायर उणे २० अंशांना जेमतेम साडेपंचवीसवर येतो, कुठेही पंक्चर नसताना. हवा थंड टायरमध्ये, बाहेरच्या तापमानाला मोजायची. उबदार गॅरेजात ‘३२ बरोबर’ दाखवणारा टायर बाहेर नेल्यावर कमीच असतो. चरांची खोली नव्या विंटर टायरमध्ये आठेक मिलिमीटर असते. पुष्कळ देशांत कायदा १.६ मिलिमीटरपर्यंत चालवून घेतो, पण हिमाला धरायला चार तरी हवेत. ऑस्ट्रियात चारपेक्षा कमी असेल तर तो विंटर टायर धरलाच जात नाही. वय बाजूवरच्या चार अंकांत कळतं: ३५२३ म्हणजे २०२३ चा पस्तिसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुनं रबर कडक होतं, आणि मग वरचं सगळं मुसळ केरात.

मग घ्यायचेच का? माँट्रियल, ओटावा, विनिपेग, ओस्लो इथे माझ्या मते वाद नाही. टोरांटोत रोज पहाटे कामाला निघणाऱ्याने घ्यावेत. जो हिम पडल्यावर गाडी काढतच नाही आणि शहरातच फिरतो, त्याला डोंगराच्या चित्राचे ऑल-वेदर पुरतील. लंडनमध्ये मी खर्च करणार नाही. काश्मीरला हिवाळ्यात जाणाऱ्या मराठी पर्यटकाला हा प्रश्न टंगमर्गला भेटतो. हिम असताना तिथून गुलमर्गला चढायला चाकांना साखळ्या लागतात, ताशी चाळीस-पन्नासच्या आत चालवावं लागतं आणि डांबर उघडं पडलं की त्या लगेच काढाव्या लागतात, नाहीतर साखळी तुटून चाकाच्या खोबणीत आदळते. रोजच्या साठ किलोमीटरच्या प्रवासाला साखळी हा पर्याय नाही.

वसंतात टायर वेळेवर उतरवावे लागतात. मऊ रबर उन्हात झपाट्याने झिजतं आणि गरम रस्त्यावर ब्रेकचं अंतरही वाढतं. उतरवताना मिठाचं पाणी धुऊन काढा, खडूने ‘पुढचं डावं’, ‘मागचं उजवं’ असं लिहून ठेवा. रिमसकट टायर आडवे एकावर एक रचावेत, बिनरिमचे उभे ठेवावेत. क्यूबेकमधली सक्तीची मुदत १५ मार्चला संपते. माँट्रियलमध्ये एप्रिलातही हिम पडतं, त्यामुळे तिथले जाणते लोक तोवर जॅकला हात लावत नाहीत.