मागच्या गाडीचा डिपर आणि पुढचे दीडशे मीटर

दुबई, शारजा किंवा मस्कतमध्ये चार मराठी घरं एकत्र जमली की घरभाडं आणि शाळेची फी हे विषय संपल्यावर गप्पा हमखास रस्त्यावर येतात. कोणाच्या तरी मागे एखादी लँडक्रूझर आरशात तिची नंबरप्लेटही दिसेना इतकी चिकटून आलेली असते. कोणासमोरून एखाद्याने पाच लेन आडव्या कापून एक्झिट गाठलेला असतो. ‘इथल्या लोकांना गाडी चालवताच येत नाही’ हा ठराव एकमताने मंजूर होतो. ठराव मांडणारा गेल्या सुटीत पुण्यात दूध आणायला रॉंग साइडने गेलेला असतो, पण ते असो.

आकडे या ठरावाला फारशी साथ देत नाहीत. दुबईत २००७ साली दर लाख लोकसंख्येमागे सुमारे २२ माणसं रस्त्यावर मरत होती. २०२३ मध्ये हा आकडा दोनच्याही खाली आला. भारतात २०२२ साली १,६८,४९१ माणसं रस्ते अपघातांत गेली, म्हणजे लाखामागे साधारण बारा. तेव्हा गावाकडच्या मंडळींनी ‘तिकडे जपून चालव रे बाबा’ म्हणावं, यात थोडा विनोद आहेच.

तरीही ती भीती खोटी नाही. दुबईचा आकडा खाली आला तो मुख्यतः रडार, दुभाजक, सीटबेल्टची सक्ती, पादचारी पूल आणि झटपट पोचणारी अ‍ॅम्ब्युलन्स यांच्यामुळे. चालकांच्या सवयी त्या वेगाने सुधारल्या, असं तिथे रोज गाडी चालवणारा कोणीच म्हणणार नाही. आणि त्या सवयी कोणाच्या? संयुक्त अरब अमिरातीत दहातले जवळजवळ नऊ जण बाहेरून आलेले. म्हणजे ‘इथले लोक’ हे बहुतांशी आपणच: केरळचे, पेशावरचे, मनिलाचे, कैरोचे, लंडनचे आणि आपले सांगली-साताऱ्याचे.

गाडी चालवणं हे बरंचसं दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्याचं काम आहे. समोरचा पुढच्या दोन सेकंदांत काय करेल याचा अंदाज मेंदू सतत बांधत असतो आणि हा अंदाज लहानपणापासून पाहिलेल्या रस्त्यांवर घडलेला असतो. डिपरचंच घ्या. आपल्याकडे डिपर मारला की अर्थ होतो, ‘मी येतोय, तू थांब.’ ब्रिटनमध्ये त्याच उघडझापीने बहुतेक वेळा ‘जा, तुम्ही आधी जा’ असं सांगतात. आखातात डाव्या लेनमध्ये मागून डिपर आला तर तो हुकूम असतो: ‘बाजूला हो.’ तिघंही आपापल्या जागी बरोबर, आणि तिघं एकाच चौकात आले की पत्रा चेपतो.

त्यात बाजू बदललेली. आखातात वाहतूक रस्त्याच्या उजवीकडून चालते. नव्याने गेलेल्याला वाटतं, गर्दीत गोंधळ होईल. पण गर्दीत पुढच्या गाडीच्या मागे जायचं असतं, त्यामुळे तिथे सहसा निभावतं. सवय दगा देते ती रिकाम्या रस्त्यावर. पहाटे पेट्रोल पंपातून बाहेर पडताना समोर एकही गाडी नसते, डोक्यात भलताच विचार चालू असतो आणि हात आपोआप वीस वर्षांच्या सवयीने चाक डावीकडे वळवतात. पक्की झालेली सवय मेंदूच्या खोल भागातून चालते. तिला लगाम घालायला जागं लक्ष लागतं, आणि ते दमलेल्या माणसाकडे कमी असतं. निरुपद्रवी नमुना पाहायचा असेल तर सुटीवर आलेल्या आखाती पाहुण्याच्या गाडीत बसा. वळणावर इंडिकेटरऐवजी वायपर सुरू होतो, कारण आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटरची दांडी उजव्या हाताला असते आणि तिकडे डाव्या.

पायी चालणाऱ्याची फसगत तर याहून महाग पडते. १३ डिसेंबर १९३१ रोजी न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर विन्स्टन चर्चिल टॅक्सीतून उतरले, रस्ता ओलांडताना ब्रिटिश सवयीने चुकीच्या बाजूला पाहिलं आणि दुसऱ्या बाजूने आलेल्या गाडीने त्यांना उडवलं. ते वाचले. बरे होत असताना त्यांनी आपले मित्र, ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ लिंडमन यांना तारेने विचारलं की मला बसलेला धक्का नेमका केवढा होता. लिंडमन यांनी हिशेब करून कळवलं: तीस फुटांवरून फरसबंदीवर पडण्याइतका. तीस फूट म्हणजे इमारतीचा तिसरा मजला. त्यातून निघणारा वेग ताशी सुमारे ४८ किलोमीटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. ताशी १२० चा हिशेब याच पद्धतीने केला तर उंची साधारण ५७ मीटर येते, म्हणजे अठरा-एकोणीस मजले. कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. वेग अडीचपट, धक्का सहापट.

आता आखाती महामार्गावरचा खरा प्रश्न. कल्पना करा की तुमच्या लेनमध्ये पुढे एक गाडी बंद पडून उभी आहे. टायर फुटला असेल किंवा चालक घाबरून मध्येच थांबला असेल. असे प्रसंग विरळ नाहीत; विनाकारण रस्त्यात थांबणाऱ्याला अमिरातीत एक हजार दिरहम दंड आणि लायसन्सवर सहा काळे गुण (ब्लॅक पॉइंट) आहेत. तुम्ही सरळ रस्त्यावर आहात, नजर स्वच्छ आहे, गाडी दोन किलोमीटरवरूनही दिसते. पण दिसणं वेगळं आणि ती उभी आहे हे कळणं वेगळं.

समोरची गाडी जवळ येतेय हे डोळ्याला तिच्या प्रतिमेच्या फुगण्यावरून समजतं. लांबवरची प्रतिमा इतकी हळू फुगते की मेंदू ती स्थिरच धरतो, आणि महामार्गावर स्थिर दिसणारी गाडी म्हणजे आपल्याच वेगाने जाणारी गाडी, असं तो गृहीत धरतो. प्रयोगांत असं दिसतं की फुगण्याचा दर सेकंदाला साधारण ०.००३ रेडियनच्या (रेडियन हे कोन मोजायचं एकक) पुढे गेला की माणसाला उमगतं, ‘अरे, ही तर अंगावर येतेय.’ १.८ मीटर रुंदीच्या गाडीसाठी हा क्षण किती अंतरावर येतो ते सहज काढता येतं. रुंदीला सेकंदाला किती मीटर या हिशेबातल्या वेगाने गुणा, ०.००३ ने भागा आणि वर्गमूळ घ्या.

ताशी १०० ला हे अंतर येतं सुमारे १२९ मीटर. थांबायला लागतात ९७: दीड सेकंद प्रतिक्रियेचा, म्हणजे ४२ मीटर, आणि कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यावर ५५. हाती तीसेक मीटर शिल्लक राहतात. ताशी १२० ला उमगतं १४१ मीटरवर, थांबायला लागतात १२९. शिल्लक बारा, म्हणजे दोन-तीन गाड्यांची लांबी. ताशी १४० ला उमगतं १५३ मीटरवर आणि थांबायला लागतात १६६.

हिशेबात तूट आली. चालक सावध आहे, ब्रेक उत्तम आहेत, डोळ्यांना चष्मा नाही, तरीही गाडी थांबत नाही. ती उभ्या गाडीवर आदळते तेव्हा तिचा वेग ताशी जवळजवळ ५० असतो, म्हणजे चर्चिलच्या हिशेबातला तोच तिसऱ्या मजल्यावरून पडण्याचा वेग. आणि हे मोबाइलकडे न बघणाऱ्या माणसाचं गणित आहे. उमगण्याचं अंतर वेगाच्या वर्गमुळाने वाढतं, ब्रेकचं अंतर वेगाच्या वर्गाने. दोन रेषा कुठेतरी एकमेकींना छेदणारच, आणि छेदतात त्या नेमक्या १२० आणि १४० च्या मध्ये. समृद्धी महामार्गावर मोटारींना १२० ची मर्यादा आहे, तेव्हा हा हिशेब आता नागपूर-मुंबईवाल्यांच्याही कामाचा.

अबुधाबीतल्या काही महामार्गांवर मर्यादा १४० आहे. तिथे तर २०२३ साली शेख मोहम्मद बिन राशिद रस्त्याच्या डावीकडच्या दोन लेनमध्ये किमान वेग १२० ठेवण्याचा नियम आला होता. हळू जाणाऱ्याला चारशे दिरहम दंड. दोन वर्षांनी तो मागे घेतला गेला. मला तो नियम अगदीच अनाठायी वाटला नव्हता, कारण महामार्गावर वेगाइतकाच दोन गाड्यांच्या वेगांतला फरक घातक असतो. पण मधल्या लेनमध्ये शांतपणे जाता येत असताना हौसेने डावीकडे कशाला जावं, हा त्यातला साधा मुद्दा.

मग नवख्याने करायचं काय? ‘सफाईदार चालवायला शीक’ हा सल्ला सगळे देतात, आणि तो मला निरुपयोगी वाटतो. वरच्या गणितात सफाईला जागाच नाही. बदलता येण्यासारख्या गोष्टी दोनच, वेग आणि पुढचं अंतर. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेली की दोन सेकंद मोजायचे आणि मग आपण तिथे पोचायचं. ताशी १०० ला हे ५६ मीटर होतात.

यावर ठरलेला आक्षेप येतो: ‘एवढी गॅप ठेवली की कोणीतरी घुसतोच.’ घुसतो, खरं आहे. शारजा-दुबईच्या सकाळच्या गर्दीत एकामागून एक घुसतात आणि आपल्याला कोणीतरी लुटतंय असं वाटू लागतं. आता नुकसान मोजू. एक गाडी घुसली, तुम्ही पुन्हा दोन सेकंदांचं अंतर केलं, तुमचे गेले दोन सेकंद. वाटेत तीस गाड्या घुसल्या तर ऑफिसला एक मिनिट उशीर. राग मात्र एका मिनिटाच्या मानाने फार मोठा येतो. रांगेत कोणी पुढे घुसलं की माणूस घड्याळ बघत नाही, अपमान मोजतो.

अंतराचा फायदा मागच्यांनाही होतो. जपानमध्ये संशोधकांनी २२ गाड्या २३० मीटर घेराच्या वर्तुळात फिरवल्या. सगळ्यांना सांगितलं होतं, एकसारख्या वेगाने चला, ताशी तीसच्या आसपास. सिग्नल नाही, चौक नाही, अडथळा नाही. तरी थोड्या वेळात कोणीतरी जरा ब्रेक लावला, मागच्याने त्याहून जास्त, त्याच्या मागच्याने आणखी जास्त, आणि काही गाड्या चक्क उभ्या राहिल्या. हा कोंडीचा गोळा वर्तुळात उलट दिशेने ताशी सुमारे वीसच्या वेगाने सरकत राहिला. प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. पुढे जागा ठेवणारा चालक ही लाट गिळून टाकतो. चिकटून चालणारा तिला मोठी करून मागे ढकलतो. म्हणजे जो डिपर मारत कोंडीला शिव्या घालतो, तोच तिचा एक कारखानदार.

आखातात पोचल्यावर बहुतेक कुटुंबं ‘सेफ्टीसाठी’ मोठी एसयूव्ही घेतात. गाडी जड असते, मान्य. पण उंच बसलेल्याला रस्ता हळू सरकताना दिसतो, आणि उंचीवरून बघणारे चालक नकळत जास्त वेगाने जातात असं प्रयोगांत आढळलं आहे.

ही उंची उंटापुढे कामाला येत नाही. जून ते सप्टेंबरमध्ये ओमानच्या सलालाह भागात नैऋत्य मान्सूनची झड लागते, डोंगर हिरवे होतात आणि कोकणच्या आठवणीने व्याकूळ झालेली मराठी कुटुंबं मस्कतहून हजारेक किलोमीटर गाडी हाकत तिकडे निघतात. दिवसाचं ऊन टाळायला अनेक जण रात्री निघतात आणि नेमकं तेच करू नये. हेडलाइटच्या लो बीममध्ये गडद वस्तू पन्नास-साठ मीटरवर कळते. साठ मीटरमध्ये थांबायचं तर वेग फार तर ७० हवा आणि रस्ता मोकळा असल्यामुळे काटा १२० वर असतो. उंटाचा रंग वाळूचा. प्रकाशात दिसतात ते फक्त पाय, आणि ते बॉनेटच्या उंचीवर खालून उडाले की चार-पाचशे किलोचं धड थेट समोरच्या काचेवर आणि टपावर येतं. पुढचा बंपर, चुरगळणारं बॉनेट, इंजिनचा अडसर, गाडीतली सगळी संरक्षक रचना त्या धडाच्या खालून निघून जाते. मानेच्या मणक्याच्या दुखापती यात जास्त होतात त्या म्हणून.

हिवाळ्यात पाळी धुक्याची. ११ मार्च २००८ च्या सकाळी दुबई-अबुधाबी महामार्गावर घंतूतजवळ सुमारे दोनशे गाड्या एकमेकींवर आदळल्या, अनेक पेटल्या. धुक्यात माणसं वेग कमी का करत नाहीत याचं एक आकर्षक उत्तर १९९८ साली ‘नेचर’मध्ये आलं होतं. पडद्यावरच्या दृश्याचा कॉन्ट्रास्ट कमी केला की लोकांना वेग कमी भासतो, म्हणून ते धुक्यात उलट जोरात जातात. उत्तर सगळीकडे उचललं गेलं. २०१२ साली दुसऱ्या गटाने त्यातली खोट दाखवली. खरं धुकं सगळं दृश्य सारखं पुसत नाही. लांबचं जास्त पुसतं, जवळचं कमी. तसं धुकं सिम्युलेटरमध्ये तयार केलं तेव्हा लोकांना वेग जास्त भासला आणि ते हळू झाले. म्हणजे डोळा धुक्यात सावध करतो. चूक होते ती किती हळू व्हायचं यात. शंभर मीटर दिसत असताना १२० वरून १०० वर आलेल्या माणसाला आपण पुष्कळ काळजी घेतली असं वाटतं आणि त्याला थांबायला ९७ मीटर लागतात. अबुधाबीत म्हणूनच धुकं दाटलं की पाट्यांवरची मर्यादा ८० होते.

आणि धुक्यात आपल्या मंडळींचा हात पहिल्यांदा जातो तो हजार्ड लाइटकडे. घाटात सगळे लावतात, म्हणून इथेही. चालत्या गाडीवर ते अमिरातीत बेकायदा आहेत. चारी दिवे लुकलुकत असले की गाडी उभी आहे की चालतेय हे मागच्याला कळत नाही, आणि लेन बदलताना इंडिकेटरचा पत्ताच लागत नाही. मागे फॉग लॅम्प असतो, तो लावावा. त्याचं बटण कुठे आहे ते मात्र धुकं पडायच्या आधी शोधून ठेवावं लागतं.